डाव्या टाचेची झीज

माणूस मी तोंडावरून ओळखत नाही.
बूट उलटा करतो, टाच बघतो.
तेहतीस वर्षं बोगिस्लाव फॉन रेमित्स यांचे बूट
माझ्या मांडीवर होते;
आईच्या मांडीवर ते स्वतः
तेहतीस दिवस तरी बसले असतील का, देव जाणे.

दहाव्या वर्षी त्यांना लष्करी शाळेत धाडलं.
बूट दोन मापं मोठे, पुढं वर्तमानपत्र कोंबलेलं.
रात्री रडायचं तर उशी दातांत धरून.
हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तापात,
आणि सकाळी विचारलं, "पागेल, मी काही बोललो?"
"नाही, कप्तान."

बारा साली मी मोतद्दार म्हणून लागलो
तेव्हा दोन्ही टाचा सारख्याच झिजायच्या.
घोड्यावरचा माणूस. जमीन त्याला लागतेच किती!
भाल्यांवर फडफडणाऱ्या पताका, रिकिबीचं पितळ,
सज्जातून बायका रुमाल टाकायच्या.
माझ्या वाट्याला शेण आणि मेण.

चौदा साली बेल्जियममध्ये, बीटच्या शेतात,
घोडे आधी गुडघ्यांवर आले, मग कुशीवर.
मशीनगन कुठून चालली ते दिसलंच नाही.
त्यांच्या मांडीत गोळी राहिली
आणि डावी टाच बाहेरच्या अंगानं झिजू लागली.
त्या झिजेवरून मी त्यांचं मन वाचायचो:
कैसर गेला त्या महिन्यात खोल,
लग्नाच्या वर्षी उथळ,
धाकटा आल्ब्रेख्ट गोवरानं गेला तेव्हा
दोन महिने बुटांना पायच लागला नाही.

मग नवे लोक आले.
त्यांच्याबद्दल ते एवढंच म्हणत,
"मासा सुरीनं कापतात."
शपथेला मात्र हात वर केला. कर्नल झाले.

बेचाळीसच्या हिवाळ्यात, प्रिप्यातच्या दलदलीपलीकडे,
त्यांच्या टेबलावर एक कागद आला.
कागदावर एका गावाचं नाव.
सही आपण केली नाही, असं ते पुढं सगळ्यांना सांगत.
खरं आहे. मी खोलीत होतो, शेगडीत लाकूड सारत.
त्यांनी तो कागद दोन बोटांनी
शेजारच्या टेबलावर सरकवला
आणि बाहेर बर्फ किती साचलंय ते विचारलं.
"घोट्याइतकं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गाव होतं तिथून आम्ही गेलो.
ते उतरले. चार पावलं चालले. परत खोगिरावर.
रात्री बूट माझ्या मांडीवर, गुडघ्यापर्यंत करडे.
ओल्या फडक्यानं पुसले, मेण चोळलं, आरसा केला.
मग टाच उलटून पाहिली.
काही नाही.
रोजच्याइतकीच झीज.
त्या रात्री माझी विद्या मेली.
माझे स्वतःचे बूट मी पाहिलेच नाहीत.

पुढं जहागीर गेली, पागा गेली, रेमित्स नावाचं गावही
दुसऱ्याच नावानं नकाशात गेलं.
ल्युनेबुर्गला बेकरीच्या माडीवर एक खोली,
आणि दारोदार शिवणयंत्रं विकणं.
जिन्यांनी त्यांना जितकं झिजवलं
तितकं दोन युद्धांनी नाही.
मी चौकाच्या कोपऱ्यावर चांभारकाम करत होतो.
दर शरदात ते तेच जुने बूट घेऊन येत,
स्टुलावर मोज्यांत बसत, टोपी गुडघ्यावर.
"टिकतील अजून, पागेल?"
"चामडं चांगलं आहे, साहेब."
पैसे मोजून देत. एक फेनिगही कमी नाही.
त्या कागदाचा विषय त्यांनी काढला नाही,
मीही नाही.

काल पुतण्या येऊन बूट देऊन गेला.
पुरायचंय त्यांना, चकाकी हवी म्हणाला.
तळवा उसवला तर शिवणीच्या आत
करडं काहीतरी.
जुनं मेण असेल. चुना असेल.
आरीच्या टोकावर घेऊन दिव्याखाली धरलंय,
आणि किती वेळ झाला,
मी श्वास सोडलेला नाही.